लॅकरखालची नागअळी

[दृश्य: आरे-वारेचा रस्ता, ड्रोन. लाटांचा आवाज. निवेदन जरा उशिरा.]

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा आरे-वारेचा रस्ता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र.

या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गाडीच्या चाकांना तो धुऊन काढतो, म्हणून त्यातल्या त्यात तो बरा. खरा त्रास पाऊस सरल्यावर सुरू होतो. लाट फुटते, तुषार वाऱ्यावर चढतात, पाणी वाटेतच उडून जातं आणि मीठ तेवढं पुढे येतं. ते खिडकीच्या गजांवर बसतं, पत्र्यावर बसतं, अंगणात उभ्या असलेल्या गाडीवर बसतं. कोकणातल्या माणसाला खारं वारं समजावून सांगायची गरज नाही.

[दृश्य: मिऱ्याजवळ अंगणात उभी गाडी. पुढच्या चाकाचा क्लोजअप.]

हे त्या वाऱ्यात राहिलेलं एक चाक. अलॉय व्हील, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. दोन रंगांचं. आतल्या खाचा काळ्या आणि स्पोकचा दर्शनी भाग चकचकीत, लेथवरून आत्ताच उतरल्यासारखा. शोरूममध्ये याला डायमंड कट म्हणतात. वरचं मॉडेल घेतलं की बहुतेकदा हेच चाक मिळतं, आणि साधं चंदेरी चाक हवं म्हणून कुणी हट्ट धरत नाही.

आता थोडं जवळ जाऊ.

[दृश्य: मॅक्रो लेन्स. स्पोकच्या कडेपासून निघालेल्या पांढुरक्या रेघा. दहा सेकंद निवेदन नाही.]

टोमॅटोच्या पानात नागअळी शिरली की पानाच्या पातळ सालीखाली अशीच वेडीवाकडी पांढरी वाट उमटते. वरची साल शाबूत, आतला गर खाल्लेला. इथे साल म्हणजे लॅकर, पारदर्शक क्लिअर कोट. बोट फिरवलं तर ओरखडा लागत नाही, रेघ काचेखाली असावी तशी खालीच राहते. म्हणून पहिले काही महिने मालकाला वाटतं डाग आहे, पुसला की जाईल. तो पुसतो. मग पॉलिश लावतो. पॉलिशने रेघ आणखी स्पष्ट दिसते.

याला फिलिफॉर्म करोजन म्हणतात, म्हणजे दोऱ्यासारखा पसरणारा गंज. एकेक रेघ मिलिमीटरभरही रुंद नसते. प्रत्येक रेघेला डोकं असतं आणि शेपूट असतं, आणि काम सगळं डोक्यात चालतं.

अ‍ॅल्युमिनियमला स्वतःचं एक पांघरूण असतं. उघडा धातू हवेला लागला की क्षणात त्यावर ऑक्साइड धरतं, जाडी दोन-चार नॅनोमीटर. घरातलं पातेलं वर्षानुवर्षं टिकतं ते या पांघरुणामुळे. मिठातलं क्लोराइड ते जागोजागी फोडतं. रेघेच्या डोक्यापाशी लॅकरखाली ओलावा असतो, पण हवा फारशी पोचत नाही. तिथे धातू विरघळतो. विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्याशी मिळून आम्ल तयार करतं आणि ते आम्ल पुढचा धातू सोडवतं. मागे शेपटात हवा पोचते, तिथे सगळं वाळून पांढरी भुकटी होते. डोकं पुढे सरकतं, भुकटी मागे राहते, आणि भुकटी फुगली की वरचं लॅकर उचललं जातं.

हवेत ७५ ते ९५ टक्के आर्द्रता आणि २० ते ४० अंश तापमान या रेघांना मानवतं. कोकणात वर्षाचे किती महिने असे असतात, ते तुम्हीच मोजा.

[दृश्य: स्पोकची धारदार कड, बाजूने प्रकाश.]

रेघा सुरू कुठून झाल्या ते बघा. स्पोकच्या मधोमध एकही नाही. सगळ्या कडेवरून निघाल्यात, जिथे चकचकीत भाग संपतो आणि काळा सुरू होतो तिथून. ही कड टूलने कापलेली आहे, सुरीच्या पात्यासारखी धारदार. ओला रंग किंवा रंगाची वितळलेली पावडर भट्टीत गेली की धारेवरून सरकते, सपाट जागी जमते. सपाटीवर लॅकर पुरेसं जाड, धारेवर नावापुरतं. मीठ बरोबर तिथून आत शिरतं. त्यात रस्त्यावरची खडी उडते, पंक्चरवाल्याचा पाना घासतो, बॅलन्सिंगच्या वजनाची क्लिप काठावर ठोकली जाते. भोक पडायला एवढं पुरतं.

काळ्या भागाला आतून रासायनिक प्रक्रिया आहे, प्रायमर आहे, रंग आहे, मग लॅकर. चकचकीत भाग रंगकाम झाल्यानंतर लेथवर कापलेला असतो, म्हणजे त्याचा प्रायमर कापून टाकलेला असतो. खाली उघडा धातू, वर लॅकरचा एकच थर. दिसतं सुंदर, यात वाद नाही. पण गाडीचा जो भाग रस्त्याला सगळ्यात जवळ आहे, त्यालाच सगळ्यात कमी कपडे घालून बाहेर पाठवायचं, ही कल्पना नक्की समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसाची असणार.

[दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र, बुगाटी टाइप ३५.]

चाक अ‍ॅल्युमिनियमचं करायची हौस शंभर वर्षांची आहे. ३ ऑगस्ट १९२४ रोजी फ्रान्समध्ये लिऑंच्या ग्रां प्री शर्यतीत बुगाटीने टाइप ३५ उतरवली. आठ चपट्या स्पोकची, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. बाकीच्यांच्या गाड्या तारांच्या चाकांवर धावत होत्या. त्या दिवशी टायरनी दगा दिला आणि बुगाटी हरली, पण चाकाचं रूप लोकांच्या डोक्यात बसलं.

[दृश्य: कोल्हापूर, शिरोली औद्योगिक वसाहत. फाउंड्री. वितळलेला धातू साच्यात.]

हे ओतकाम चाकांचं नाही, पंपाच्या भागांचं आहे. चाकं ओतणाऱ्या कारखान्यात आम्हाला चित्रीकरण करता आलं नाही. धातू मात्र त्याच घराण्यातला. चाकासाठी सर्रास वापरतात ती मिश्रधातू म्हणजे ए-३५६: अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. सिलिकॉनमुळे रस पातळ वाहतो, साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो. मॅग्नेशियममुळे पुढे ताकद येते. ओतलेलं चाक ५४० अंशांच्या आसपास काही तास तापवतात, पाण्यात बुडवतात, मग पुन्हा दीडशे-एकशेसाठ अंशांवर मुरवतात. चाकाचा कणखरपणा या मुरवण्यात आहे. पुढे ओव्हनची गोष्ट येईल तेव्हा हे आकडे लागतील.

[दृश्य: आंबा घाट, धुकं. गाडी वर चढते आहे.]

आपल्या गाडीची चारही चाकं दुरुस्तीला निघालीत. पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर.

[दृश्य: वर्कशॉप. टायर उतरवणारं मशीन. रिमच्या आतल्या काठावर पांढरा, खवलेदार थर.]

टायर उतरवल्यावर दिसतं ते हे. ट्यूबलेस टायरचा काठ जिथे रिमला चिकटून हवा धरतो, नेमकी तीच पट्टी खाल्लेली. टायर उतरवायच्या आधी घेतलेलं हे दुसऱ्या चाकाचं दृश्य बघा. साबणाचं पाणी टाकलंय.

[दृश्य: रिमच्या काठावर बारीक बुडबुडे. आवाज तसाच ठेवणे.]

रोज थोडी हवा कमी होते. पंक्चरवाल्याला खिळा सापडत नाही.

[दृश्य: चाक टाकीत. लॅकर आणि रंग सालपटासारखे सुटताना.]

पहिलं काम जुनं सगळं काढायचं. नुसत्या कडा घासून वरून लॅकर मारून देणारे पुष्कळ आहेत, आणि ते चाक पुढच्या दिवाळीपर्यंत छान दिसतं. खाली क्लोराइड राहिलं की रेघ नव्या लॅकरखाली पुन्हा चालायला लागते. म्हणून इथे चाक पूर्ण उघडं करतात. टाकीतल्या स्ट्रिपरमध्ये, म्हणजे रंग सोडवणाऱ्या द्रावणात, डायक्लोरोमिथेन हे आरोग्याला घातक रसायन आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. इथे हातमोजे आहेत, पंखा आहे.

[दृश्य: ब्लास्टिंग कॅबिनेट. काचेआड मिस्त्रींचे हात.]

मग बारीक दाण्यांचा मारा. पांढरी भुकटी, खड्ड्यांतला मळ, ब्रेकची काळी धूळ, सगळं निघतं. ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात. ते तापलेलेच येऊन लॅकरमध्ये रुततात आणि मग गंजतात. पुढची चाकं आधी खराब होतात त्यात या धुळीचाही हात आहे, कारण ब्रेकचा भार पुढच्या चाकांवर जास्त पडतो.

[दृश्य: दाण्यांचा मारा झालेला पृष्ठभाग, राखाडी, एकसारखा. पावडर गनचा ढग. ओव्हनचं दार.]

प्रक्रिया, पावडर प्रायमर, ओव्हन. १८० ते २०० अंश, वीसेक मिनिटं. मघाचे आकडे आठवा: चाक दीडशे-एकशेसाठवर मुरलेलं आहे. वीस मिनिटांनी काही बिघडत नाही. पण घाई म्हणून कुणी ओव्हन चढवला, किंवा वाकलेलं रिम गॅसच्या ज्योतीवर लाल व्हायची वाट बघत बसला, तर कारखान्यात दिलेली ताकद तिथेच गेली. अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही. ६६० अंशांना शुद्ध धातू वितळतो, आणि ही मिश्रधातू त्याच्याही आधी.

काळा रंग मारून झाला. आता लेथ.

[दृश्य: सीएनसी लेथ. चाक चकमध्ये. प्रोब स्पोकवरून टेकत टेकत जातो. पूर्ण क्रम, निवेदन कमी.]

आधी प्रोब. स्पोकला टेकतो, उचलतो, पुढे सरकतो, पुन्हा टेकतो. चाकाचा उतार बिंदू-बिंदूने मोजून मशीन स्वतःचा नकाशा करतं. कारखान्यातून एकाच साच्यातून निघालेली दोन चाकंही रस्त्यावर आल्यावर तंतोतंत सारखी राहत नाहीत, त्यामुळे प्रत्येक चाकाचं माप वेगळं घ्यावं लागतं.

मिस्त्री टूलची धार नखावर बघतात. हिऱ्याचं टोक असलेलं टूल. कूलंट सुरू.

[दृश्य: टूल काठावरून आत येतं. काळ्याखालून चकाकी उघडत जाते. चिप्स उडतात. चाळीस सेकंद, फक्त मशीनचा आवाज.]

मिलिमीटरचा काही अंश. त्याहून जास्त धातू इथे काढत नाहीत, काढायचाही नसतो. टूलच्या बारीक वर्तुळाकार खुणांवरून उजेड घसरतो आणि ती चमक दिसते. एकूण सगळ्या कामात बघत राहावं असं हेच.

मिस्त्री थांबवतात, फडक्याने पुसतात, कडेवरून अंगठा फिरवतात. ती धार पुन्हा आलेली आहे. बारीक एमरी कागदाने ते कड किंचित मारून घेतात, अगदी हलक्या हाताने. नकाशात हे काम नाही, मशीनला सांगितलेलं नाही. पण लॅकर कडेवर थोडं जास्त थांबावं यासाठी करता येण्यासारखं तेवढंच आहे.

[दृश्य: चौथं चाक. व्हर्नियर. मिस्त्री मान हलवतात.]

चौथं चाक लेथवर चढत नाही. ते आधी कधीतरी, कुठेतरी कापून घेतलेलं आहे. स्पोक वरच्या बाजूने पातळ झालाय, आणि कडेला मिठाने केलेला खड्डा खोल आहे. तो जाईपर्यंत कापलं तर चाकात उरायला हवा तेवढा धातू उरणार नाही. चाकांची परीक्षा कशी घेतात हे माहीत असणारा माणूस इथे हात आखडता घेतो: चाक वाकवत हजारो फेरे फिरवायचं, भार देऊन ड्रमवर पळवायचं, वरून वजन आपटायचं. पातळ केलेल्या स्पोकची ती परीक्षा पुन्हा कुणी घेत नाही.

[दृश्य: वॉशिंग सेंटर, प्रेशरचं पाणी. जलद कट.]

ते चाक बाजूला ठेवून एक गोष्ट सांगून टाकू, कारण हे दृश्य आमच्याकडे आहे. चाक झटपट पांढरंशुभ्र करणारं जे आम्ल काही ठिकाणी फवारतात, ते नको म्हणा. अ‍ॅल्युमिनियम आम्लात विरघळतं आणि कॉस्टिकमध्येही. त्यातल्या फ्लोराइडवाल्या क्लीनरने धुणाऱ्या पोराच्या हाताला इजा होते. साधं पाणी, गाडीचा शाम्पू, चाक थंड असताना. पुळणीवर गाडी घालू नका, घातलीच तर त्याच दिवशी चाकं आतल्या बाजूने धुवा. जयगड-तवसाळ फेरीबोटीवरून आलात तरी तेच.

[दृश्य: मालकाशी फोनवर बोलणं, दुरून. आवाज नाही.]

तीन चाकं चकचकीत आणि एक चंदेरी, असं कुणालाच चालत नाही. मिस्त्रींचं म्हणणं, चारही चंदेरी करा. कुठेही कापलेली धार नाही, सगळीकडे प्रायमर, त्यावर चंदेरी पावडर, त्यावर लॅकर. मालकाला थोडा वेळ लागतो. मग तो हो म्हणतो.

म्हणजे मघाशी चाळीस सेकंद बघितलेलं काम आता रंगाखाली जाणार. आमच्यासाठी ही वाईट बातमी, चाकासाठी चांगली.

[दृश्य: चकचकीत चाकावर एमरी. मग राखाडी प्रायमर. मग चंदेरी.]

कापलेल्या कडा पूर्ण गोल करून घेतल्या. चारही चाकं पुन्हा ओव्हनमध्ये गेली. हवा धरणारी आतली पट्टी रंगाने जाड होऊ नये म्हणून झाकून घेतली. बॅलन्सिंगला क्लिपची वजनं नकोत, आतून चिकटवायची हवीत, असं मिस्त्रींनी टायरवाल्याच्या पोराला दोनदा बजावलं. पोराने क्लिपचा डबा कपाटात टाकला.