किरकिऱ्या गोलकीपर

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘जाक प्लांत : जीवन आणि कारकीर्द’. मी दिलेलं नाव होतं ‘किरकिऱ्या माणसाची बाजू’. संयोजक म्हणाले, त्या नावाला कोण येणार? आइस हॉकीच्या नावाला चाळीस माणसं आली आहेत. बाहेर पाऊस आहे, हेही माझ्या लक्षात आहे.

गेल्या महिन्यात रिंक म्हणजे बर्फाचं मैदान, पक म्हणजे चेंडूऐवजीची रबरी चकती, गोल हे सगळं सांगून झालंय, त्यामुळे थेट माणसावर येतो. प्लांत १९२९ चा, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात शॉविनिगनजवळचा. अकरा भावंडांत थोरला. घरात पैसा नाही, म्हणून आईनं त्याला विणकाम शिकवलं. तो स्वतःच्या टोप्या, बनियन स्वतः विणायचा, आणि नामांकित खेळाडू झाल्यावरही विणत राहिला. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाकडे आला तेव्हा विणलेली टोपी घालून गोलमध्ये उभं राहायचं म्हणत होता. प्रशिक्षकानं टोपी काढायला लावली. दम्यामुळे फार वेळ स्केटिंग जमेना, म्हणून तो लहानपणीच गोलमध्ये गेला होता. पंधराव्या वर्षी कारखान्याच्या संघाकडून खेळताना वडील म्हणाले, पैसे माग. मॅचमागे पन्नास सेंट मिळाले, इतरांना सांगायचं नाही या अटीवर.

आता माझी आवडती गोष्ट. प्लांत एकदा म्हणाला, काही रिंकवर गोलची आडवी दांडी खाली आहे. नियमानं ती चार फुटांवर हवी. लोक हसले. गोल खाल्ले की गोलकीपर काहीही कारण सांगतो! पण याचं मोजमाप पाठीनं केलेलं होतं. गोलकडे पाठ करून उभं राहिलं की दांडी घरी पाठीला एका जागी लागते, परगावी दुसऱ्या जागी. शेवटी टेप लावला, तर गड्याचं बरोबर निघालं.

हे वाचलं आणि मला माझी इन्स्पेक्शनची बाकडी आठवली. चौतीस वर्षं मी एका कारखान्यात क्वालिटीला होतो. नाव घेत नाही, पेन्शन चालू आहे. १९८८ साली एका जॉबचं, म्हणजे तयार भागाचं, भोक तपासायला प्लग गेज होतं, ठरावीक मापाचा दांडा. गो बाजू आत गेली की जॉब पास. रोज शेकडो जॉब पास, आणि तिकडे असेंब्लीवाले शिव्या घालताहेत की शाफ्ट बसत नाही. मी म्हणालो, साहेब, जॉब बघू नका, गेज बघा. गो बाजू झिजलीय, लहान भोकातसुद्धा जातेय. साहेब म्हणाले, “कुलकर्णी, तुम्ही फार किरकिर करता.” बरं, झीज हाताला कळत होती हो! नव्या गेजला भोकात शिरताना एक अडखळ असते, ही सुळ्ळकन जायची. तीन आठवडे गेले. मग मी गेज गुपचूप खिशात घालून स्टँडर्ड रूममध्ये मोजून आणलं. रिजेक्शनचा ढीग कुठे गेला ते विचारू नका, आणि शाबासकीचं तर नाहीच नाही. पुढच्या अप्रेझलमध्ये शेरा मात्र आला : ‘सहकाऱ्यांशी जुळवून घ्यावे.’

असो. मुखवटा राहिलाच. १ नोव्हेंबर १९५९, न्यू यॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सामना सुरू होऊन तीनेक मिनिटं झालेली. रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा फटका सरळ तोंडावर. रक्त, टाके. त्या काळी संघाबरोबर राखीव गोलकीपर नसायचा. प्लांत सरावात फायबरग्लासचा मुखवटा घालायचा, तोंडाचा प्लास्टरचा साचा काढून बनवलेला. प्रशिक्षक टो ब्लेक यांना तो सामन्यात नको होता. पायाजवळचा पक दिसणार नाही, आणि माणूस घाबरट दिसेल. प्लांत म्हणाला, मुखवट्याशिवाय बर्फावर उतरत नाही. ब्लेककडे दुसरा माणूसच नव्हता. जखम भरेपर्यंत म्हणून परवानगी मिळाली. मॉन्ट्रियल ३–१ जिंकलं, आणि पुढेही संघ हरायला तयार होईना. मार्चमध्ये ब्लेकच्या आग्रहाखातर एक सामना मुखवट्याशिवाय खेळला, डेट्रॉइटनं ३–० हरवलं. मुखवटा परत तोंडावर. त्या वसंतात सलग पाचवा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद! हेल्मेटबद्दल मी काही बोलत नाही, सभा शांततेत पार पडावी अशी इच्छा आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अरे, कारकीर्द राहिली!

थोडक्यात. एकूण सहा स्टॅन्ली कप, गोलकीपरची वेझिना ट्रॉफी सात वेळा, १९६२ मध्ये लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी. गोल सोडून मागे जाऊन पक अडवणं, बचावपटूंना ओरडून सांगणं, हे त्यानं रूढ केलं. आधी प्रशिक्षकांचा जीव टांगणीला, आज प्रत्येक गोलकीपर तेच करतो. १९६३ मध्ये संघानं त्याला न्यू यॉर्कला देऊन टाकलं. किरकिर हे एक कारण असणार, असं माझं मत. १९६५ ला निवृत्त, १९६८ मध्ये सेंट लुइसकडून परत. १९७० च्या अंतिम फेरीत फटका मुखवट्यावर बसून मुखवटा फुटला, हा बेशुद्ध. मुखवटा नसता तर मेलो असतो, म्हणाला. पुढच्याच मोसमात टोरंटोकडून, बेचाळिसाव्या वर्षी, सामन्यामागे सरासरी १.८८ गोल खाल्ले, लीगमध्ये सर्वांत कमी. गेला १९८६ मध्ये, जिनिव्हाला.

मुद्दा असा होता की मापाबद्दलचा चोखंदळपणा, विणकामातला आणि दांडीचा... हो हो, थांबतो. एक प्रश्न घेऊ. आजी, बोला.

दोन सुयांचं विणकाम, आजी. क्रोशाचं नव्हे.