नावाचा रकाना

(स्वयंपाकघर. खिडकीबाहेर उजेड कमी होतोय.)

१९६८ सालचा ऑगस्ट. हवेत चिकचिक. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी, दिवस भरत आलेली एक बाई वाडग्यात काहीतरी कालवतेय. खोक्यात मिळणारे नाश्त्याचे कुरमुरे, खारे शेंगदाणे, चिरलेला कांदा. वर मीठ, लिंबू, हिरवी मिरची. मोहरीचं तेल हवं होतं, ते घरात नाही. कोलकात्याच्या फुटपाथवर कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या झालमुरीची ही नक्कल गरोदरपणभर चाललीय, आणि दर वेळी काहीतरी कमीच पडतंय.

या बाईचं नाव अशिमा गांगुली. झुंपा लाहिरी यांची २००३ सालची कादंबरी ‘द नेमसेक’ इथून सुरू होते.

दवाखान्यात नर्स विचारते, मुलगा हवा की मुलगी? अशिमा म्हणते, हातापायाची बोटं दहा-दहा असली म्हणजे झालं. पण इंग्रजीत बोलताना ‘बोट’चं अनेकवचन करायचं राहून जातं, आणि ती चूक तिला जवळजवळ बाळंतकळेइतकीच टोचते. परदेशात राहणं हेही एक न संपणारं गरोदरपण, असं तिला पुढे वाटतं. सतत कसली तरी वाट पाहायची, सतत अंगावर ओझं.

(पोस्टाची पेटी. रिकामी.)

बाळाचं नाव अशिमाची आजी ठेवणार होती. तिनं पत्र लिहिलं, स्वतः जाऊन पोस्टात टाकलं. ते पत्र कोलकाता आणि केंब्रिजच्या मध्ये कुठेतरी हरवलं. इकडे दवाखाना म्हणतो, जन्मदाखल्याशिवाय बाळाला घरी नेता येणार नाही, आणि दाखला म्हटलं की नावाचा रकाना आला.

बंगाली घरात नावाची घाई नसते. माणसाला दोन नावं. ‘डाकनाम’ घरच्यांनी हाक मारायला, ‘भालोनाम’ शाळेसाठी, कागदोपत्री, चारचौघांत. आपल्याकडे बारशाला एक नाव ठेवून घरात आयुष्यभर बंड्याच म्हणतात, तसंच काहीसं. फरक इतकाच, की तिथे दुसऱ्या नावालाही पहिल्याइतकाच मान.

बाप, अशोक, पटकन एक घरचं नाव देऊन टाकतो : गोगोल. १९६१ मध्ये रात्रीच्या आगगाडीत तो गोगोल या रशियन लेखकाची ‘ओव्हरकोट’ ही कथा वाचत होता. गाडी घसरली. ढिगाऱ्यात निपचित पडलेल्या अशोकच्या हातून चुरगळलेलं एक पान खाली पडलं, ते शोधणाऱ्यांना दिसलं, म्हणून तो वाचला. मुलाला हे कळायला बरीच वर्षं जातात. तोवर त्याला या नावाचा वीट आलेला असतो आणि अठराव्या वर्षी कोर्टात जाऊन त्यानं ते बदलून निखिल करून घेतलेलं असतं.

खरं तर शाळेत जाताना आईबापांनी त्याला निखिल हेच नाव दिलं होतं. पाच वर्षांच्या पोरानं त्याला ओ दिली नाही, आणि शाळेनं पोराचं ऐकलं. लेखिकेच्या बाबतीतही शाळेनंच निवाडा केला. तिची भालोनामं नीलांजना आणि सुदेष्णा. बालवाडीच्या बाईंना ‘झुंपा’ म्हणायला सोपं वाटलं, आणि घरातलं नाव पुस्तकांच्या मुखपृष्ठापर्यंत पोहोचलं.

(ऱ्होड आयलंड. खाडी, पाणथळ गवत.)

लाहिरींचा जन्म लंडनचा, १९६७ सालचा. बालपण अमेरिकेत, ऱ्होड आयलंडमधल्या किंग्स्टन गावी; वडील तिथल्या विद्यापीठात ग्रंथपाल. भारतीयांसाठी अमेरिकेत स्थायिक व्हायला वर्षाला जेमतेम शंभर जागांचा कोटा होता, तो १९६५ च्या कायद्यानं मोडीत निघाला आणि शिकलेल्यांना दार उघडलं. लाहिरींच्या कादंबऱ्यांमधले बाप म्हणूनच प्राध्यापक, संशोधक. टॅक्सी चालवणारा किंवा मोटेलच्या चादरी बदलणारा भारतीय इथे जवळजवळ भेटत नाही. ही उणीव मला जाणवते. पण जे घर ठाऊक आहे त्याच्या फडताळातली बरणी न् बरणी ही लेखिका ओळखते, हेही खरं.

आणि एक कबुली. ‘द नेमसेक’च्या उत्तरार्धात गोगोलच्या प्रेमप्रकरणांत मी रेंगाळत नाही. माझं लक्ष अशिमाकडे. नवरा गेल्यावर ती ठरवते, सहा महिने भारतात, सहा महिने अमेरिकेत. अशिमा म्हणजे जिला सीमा नाही ती. नावाचा अर्थ म्हातारपणी अंगाला आला.

(कोलकाता. टॉलीगंज.)

लाहिरींच्या २०१३ च्या ‘द लोलँड’ या कादंबरीत दोन तळी आहेत, मागे सखल जमीन. पावसाळ्यात पाणी इतकं चढतं, की मधला बांध दिसेनासा होतो. तसेच दोन भाऊ, सुभाष आणि उदयन. नक्षलबारीच्या उठावानंतर उदयन नक्षलवादी चळवळीत शिरतो, सुभाष ऱ्होड आयलंडला संशोधनाला. घरामागच्या त्याच पाण्यात, जलपर्णीखाली लपलेल्या उदयनला पोलीस पकडतात आणि गोळी घालतात. सुभाष त्याच्या गरोदर बायकोशी, गौरीशी लग्न करतो आणि तिला अमेरिकेला नेतो. गौरी पुढे मुलीला टाकून कॅलिफोर्नियाला निघून जाते. वाचताना तिचा राग येतो. तरी देशात आणि परदेशात दोन्हीकडे दुसऱ्यानं दिलेल्या जागीच राहिलेल्या बाईनं आणखी काय करायचं, हा प्रश्न काही पाठ सोडत नाही.

(रोम. सकाळ.)

२०१२ मध्ये लाहिरी रोमला राहायला गेल्या आणि इटालियनमध्ये लिहू लागल्या. बंगाली आईची, इंग्रजी शाळेची. ही तिसरी भाषा कोणी दिलेली नव्हती. त्यातली कादंबरी २०१८ मध्ये आली. इंग्रजी अनुवाद त्यांनी स्वतःच केला, २०२१ मध्ये. एका शहरात एकटी राहणारी बाई. तिला नाव नाही, शहरालाही नाव नाही. प्रकरणांचे मथळे बहुतेक जागांचे : फुटपाथवर, ऑफिसात, बाल्कनीत.

शेवटच्या प्रकरणाचा मथळा : आगगाडीत.