उंडारणं कुणाचं, भटकंती कुणाची

नमस्कार मंडळी. विषय 'प्रवास' दिलाय. प्रवासवर्णन लिहून आणलं होतं, पण ते पर्समध्येच राहू दे. परवा घरात जे वाजलं, त्यावरच बोलते.

लेक शाळेतून उशिरा आली. फोन बंद. मी दारातच सुरू झाले, "कुठे उंडारत होतीस?" बसमधून अलीकडेच उतरून ती नुसतीच चालत आली होती. बूट काढता काढता म्हणाली, "आजोबांनी केली की भटकंती, आणि मी केलं की उंडारणं?"

आता नाशिकचे आमचे अण्णा, म्हणजे लेकीचे आजोबा. रविवार उजाडला की कधी रामशेजचा किल्ला, कधी अंजनेरीचा. काहीच नसलं तर गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आलाय म्हणून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते बघायला. (हसू नका, तुमच्यातले अर्धे तिथेच असायचे.) परतले की आई चहा ठेवायची. "तू कुठे जाऊन आलीस?" असं तिला कुणी विचारलं नाही. ती गेलेलीच नसायची. आम्हा बहिणींना रविवार कारंजावरून कॉलेज रोडला जायचं तरी कारण लागायचं: क्लास, दळण, मैत्रिणीची वही. भाऊ 'उनाड', म्हणजे लाडका. 'उंडगी' मात्र शिवीच.

आणि 'भटके'? ट्रेकच्या टीशर्टवर तो शब्द आपण हौसेने मिरवतो. तोच जातीच्या दाखल्यावर आला की? मेंढरं घेऊन फिरणारे धनगर, सिन्नर-नांदगावकडचे वंजारी, कागदोपत्री 'भटक्या जमाती'. काही जमातींना तर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का १९५२ साली निघाला, म्हणून त्या 'विमुक्त'. पण गावाबाहेर पालं पडली की आपल्याकडे लोक अजून कड्या नीट लावतात. खिशात घराची किल्ली असली तरच हा शब्द कौतुकाचा होतो.

आपल्या मंडळाच्या 'मुक्त भटकंती'चं एक्सेल शीटही बघितलं. धबधबा वीस मिनिटं, फोटो दहा मिनिटं, 'मोकळा वेळ' अकरा ते सव्वाअकरा! अहो, मोकळा वेळसुद्धा आपण मोजून वाढणार? मी येणार आहेच, पैसे भरलेत. शिवाय मी तरी काय बोलावं? मनगटावरचं घड्याळ ओरडलं की मी उठून ओट्यापासून सोफ्यापर्यंत येरझाऱ्या घालते.

तर लेकीला मी म्हटलं, "ते नाशिक होतं गं. अण्णा घरी पोहोचायच्या आत ते कुठे दिसले ही बातमी पोहोचायची. इथे त्या रस्त्यावर तुझं नाव माहीत असलेलं एक माणूस नाही." खरंच भीती वाटते मला. पण रात्री आडवी झाले आणि आठवलं, आईलाही हीच भीती होती, आणि तिच्या गल्लीत तर सगळेच ओळखीचे होते.

लेक पुन्हा तशीच उतरणार म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. कुणाच्या घरी तोडगा निघाला असेल, तर जेवणाच्या रांगेत मला गाठा.