पिटलॉक्री: धरण नको म्हणणारं गाव

तर मंडळी, स्कॉटलंडला गेलेली आपली टूर बस एडिनबराहून हायलँड्सकडे, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागाकडे निघते ना, तेव्हा वाटेत पिटलॉक्री नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव लागतं, आणि तिथे आपण उतरतो ते कॉफी, टॉयलेट आणि लोकरीची शाल घ्यायला. बस्स. माझं म्हणणं, तिथलं धरण बघितल्याशिवाय हलू नका.

मुळात हे गाव टुरिस्टांवरच जगतंय. 1844 मध्ये व्हिक्टोरिया राणी जवळच्या ब्लेअर कासलला राहून गेली, 1863 मध्ये रेल्वे आली, झालं, पैसेवाली मंडळी हवापालटाला यायला लागली आणि दगडी हॉटेलं उभी राहिली. आता अशा गावाला दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी सरकार सांगतंय की तुमच्या टमेल नदीवर आम्ही वीजनिर्मितीसाठी धरण बांधणार! गाव भडकलंच. देखावा जाईल, सॅमन मासा जाईल, मग येणार कोण? पण टॉम जॉन्स्टन हा तेव्हाचा स्कॉटलंडचा मंत्री हायलँड्समध्ये घरोघर वीज न्यायच्या जिद्दीने पेटलेला, त्यासाठीचा 1943 चा कायदा त्यानेच आणलेला, त्यामुळे विरोधाला न जुमानता धरण झालंच.

माशांचं काय केलं ते ऐका, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. सॅमन जन्मतो नदीत, मोठा होतो समुद्रात, आणि अंडी घालायला परत नदीत येतो, तेही गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणंपिणं बंद करून, अंगातल्या चरबीवर. त्याच्या वाटेत भिंत घातली तर संपलाच तो. म्हणून धरणाच्या बाजूने 310 मीटर लांबीचा जिना केला, 34 हौद, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा वर, आणि एकातून दुसऱ्यात जायला पाण्याखालून वाट, म्हणजे उड्या मारायची गरजच नाही, मासा पोहत पोहत चढतो. त्यातले तीन हौद मोठे आहेत, दम खायला!

आणि गंमत बघा, धरणाने टुरिस्ट पळतील म्हणून ओरडणाऱ्या गावात आज टुरिस्ट धरणच बघायला येतात. मागे साठलेल्या पाण्याचा लॉख फॅस्कली झालाय, तो इतका सुंदर आहे की सांगितल्याशिवाय कळत नाही की हा तलाव माणसाने केलाय.

थोडं वर क्लूनीला एक काँक्रीटची कमान आहे, तिकडे फारसं कोणी जात नाही. याच वीजयोजनेचा बोगदा खणताना पाच कामगार गेले, त्यांची ती आठवण, आणि कमानीचा आकार त्या बोगद्याएवढाच ठेवलाय. खाली उभं राहून वर बघा, केवढं काम होतं ते कळतं.

बाकी व्हिस्कीवाल्यांसाठी एड्राडोर डिस्टिलरी आहे, 1825 ची, त्यावर मी बोलत नाही, तुम्ही शोधालच. फक्त मासे चढतात एप्रिल ते ऑक्टोबर. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून फेब्रुवारीत जाल, रिकामे हौद बघून याल आणि मग मला नावं ठेवाल, ते चालणार नाही.