आईने दिलेली कोरी वही

श्रोतेहो, नमस्कार. लहानपणी आपण ज्या कल्पनेत तासन्‌तास रमायचो, ती मोठेपणी कामाला कशी लावायची, हा आजचा विषय. कुणाला गावात भाजीपावाचं दुकान काढायचं असतं, कुणाला जत्रेच्या नाटकात पहिल्यांदाच रंगमंचावर उभं राहायचं असतं, कुणाला चाळिशी उलटल्यावर पेटी शिकायची असते. तिथवर पोचायला ही कल्पना उपयोगी पडते का? पडते, पण एका अटीवर.

ती अट आधीच सांगून टाकते, म्हणजे मधे कुकरची शिट्टी झाली तरी तुमचं काही चुकायचं नाही. डोळ्यांपुढे चित्र आणायचं ते कामाचं, बक्षिसाचं नव्हे. परत सांगते. कामाचं चित्र, बक्षिसाचं नव्हे.

आता गोष्ट. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा हे नाव गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. घराणं सासष्टी तालुक्यातल्या लोटलीचं, जन्म दमणचा, २ मे १९२६. हा मुलगा लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रं काढायचा. आता भिंतीवर पोराने रेघोट्या मारल्या की आपल्याकडे काय होतं ते मी सांगायला नको. त्यात चवथीच्या तोंडावर नवा रंग काढलेला असला तर विचारूच नका. पण या आईने काय केलं? तिने मुलाला एक कोरी वही आणून दिली. त्या वहीला मारिओ आपली ‘डायरी’ म्हणू लागले.

एवढंच. क्लास लावला नाही, की चित्रकलेच्या स्पर्धेत नाव घातलं नाही. स्पर्धांचा विषय निघालाच आहे तर बोलते. आपल्या बालचित्रकला स्पर्धांत दोन डोंगर, मधे सूर्य, कडेला माड आणि खाली होडी हे चित्र इतकी वर्षं बक्षीस घेतंय की ते पोराचं की त्याच्या मास्तरांचं, हेच कळेनासं झालंय. समोरच्या बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसलेली म्हातारी कुणी काढत नाही. मारिओंनी ती काढली. पाद्री काढले, आणि त्यापायी शाळेत बोलणीही खाल्ली. पुढे मित्रांना चित्रांची पोस्टकार्डं काढून देऊन चार पैसेही मिळवू लागले.

त्या वहीची सवय मोठेपणीही सुटली नाही. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या त्यांच्या डायऱ्या आज छापील स्वरूपात पाहायला मिळतात. मिळाल्या तर जरूर चाळा. तेव्हा ते तेवीस ते पंचवीस वर्षांचे होते. दिवसभरात भेटलेली माणसं, घरातल्या गमती, गावातले प्रसंग, सगळं वहीत. ‘मी एक दिवस मोठा चित्रकार होणार’ असल्या वाक्यांनी ती पानं भरलेली नाहीत. आज कोण भेटलं, ते कसं दिसत होतं, तेच पुन्हा पुन्हा काढलेलं आहे.

आणि या सगळ्या काळात आयुष्य काही सरळ चाललेलं नव्हतं बरं का. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी इतिहासाची पदवी घेतली, तेव्हा डोळ्यांपुढे होती सनदी सेवा, आय.ए.एस. मग आईवडिलांच्या इच्छेखातर वास्तुकलेला गेले, तिथे मन रमलं नाही. मग एका जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरी. चित्रं छापून येऊ लागली ती ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये, त्यावरून ‘करंट’ साप्ताहिकात काम मिळालं. ‘टाइम्स’ने तर आधी नकार दिला होता आणि नंतर स्वतःच बोलावून घेतलं. पुढे गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर एक वर्ष पोर्तुगाल, तिथून पाच वर्षं लंडन. मग परत आले ते मुंबईला आणि सरतेशेवटी लोटलीच्या घरी. १९८८ साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण, आणि २०११ च्या डिसेंबरात ते गेल्यावर पद्मविभूषण.

पण मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट पद्म पुरस्काराची नाही. मुंबईला कुलाब्यात कॅफे मोंडेगार आहे. आत गेलात की भिंतभर मारिओंची चित्रं. टेबलांभोवतीची गर्दी, वेटर, नाकं मुरडणाऱ्या बायका, मधेच एखादा कुत्रा. भिंत खराब केली म्हणून ज्या पोराला वही दिली, त्याच्याकडून लोकांनी पुढे भिंती मुद्दाम रंगवून घेतल्या!

आता त्या आईने केलं काय, ते बघू. तिने कल्पनेला कड घालून दिली. भिंतीला शेवट नसतो, पानाला असतो. कल्पना रोज थोडी, एका जागी, कागदावर उतरू लागली. आपल्याला मारिओ व्हायचं नाही. आपल्याला भाजीपावाचं दुकान काढायचंय. पण वही तीच.

मग बक्षिसाचं चित्र का नको? कारण ते फार गोड असतं. गाब्रिएले ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी थॉमस वॅडन यांच्यासोबत १९९१ साली वजन कमी करू पाहणाऱ्या बायकांचा वर्षभराचा अभ्यास मांडला. सडपातळ झाल्याची गोड स्वप्नं सगळ्यात जास्त रंगवणाऱ्यांचं वजन, तशी स्वप्नं न रंगवणाऱ्यांपेक्षा सुमारे ११ किलोंनी कमी घटलं. मनाला वाटतं पोचलोच, आणि पाय ढिले पडतात. १९९९ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यासही तेच सांगतो. परीक्षेआधी रोज थोडा वेळ ‘मी अभ्यासाला बसलोय’ हे चित्र पाहणाऱ्यांना, ‘मला छान मार्क मिळाले’ हे चित्र पाहणाऱ्यांपेक्षा जास्त मार्क पडले. म्हणून म्हणते, कामाचं चित्र, बक्षिसाचं नव्हे.

आता कृती. कागद-पेन्सिल घ्या.

कोरी वही घ्या, रेघा नसलेली. पेन नको, पेन्सिल बरी, कारण खोडायचं आहे. पहिल्या दिवशी फक्त एक काम. सात ते दहा वर्षांचे असताना तुम्ही कोणते तीन खेळ तासन्‌तास खेळायचात ते लिहा आणि प्रत्येकापुढे त्यातलं तुमचं काम लिहा. ‘दुकान-दुकान’ एवढ्यावर थांबू नका. दुकानात तुम्ही माल मांडायचात, गिऱ्हाईक बोलवायचात की हिशेब ठेवायचात? यावरून कळतं की कुठलं काम तुम्ही न कंटाळता करता, आणि कुठल्या कामाला जोडीला दुसरं माणूस लागणार आहे. मांडण्यात रमणाऱ्याला उधारी वसूल करणं बहुधा जड जातं.

दुसऱ्या दिवसापासून रोज दहा मिनिटं, एक पान. येणाऱ्या कामातला एकच तुकडा निवडायचा. समजा, दुकानाची पहिली सकाळ. शटर वर गेलं. डाव्या हाताला शेगडी, सिलिंडर कुठे ठेवलाय? पोदेर, म्हणजे पाववाला, पाव घेऊन कधी येतो, आणि पाव ठेवायला टोपली आहे का? पातळ भाजीचं भांडं गरम राहावं म्हणून मंद आच कोणत्या शेगडीवर? पहिलं गिऱ्हाईक पाचशेची नोट काढतं, सुट्टे कुठे आहेत? हे डोळे मिटून पाहा आणि लगेच कागदावर काढा. चित्र वेडंवाकडं चालेल. सिलिंडरची जागा चुकीची असेल तर ती कागदावरच कळते, भाड्याची जागा घेतल्यावर नव्हे.

पाहताना तीन पथ्यं. एक, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सिनेमात आपण दिसतो तसं बाहेरून नको, आपले हात आपल्याला दिसले पाहिजेत. दोन, काम जितका वेळ घेतं तितकाच वेळ कल्पनेतही घ्या. कल्पनेत दहा कप चहा एका क्षणात होतो आणि मग खऱ्या कामात दम निघतो. तीन, काम उभ्याने असेल तर उभे राहून पाहा, नाटकाची तालीम मनात करायची तर आवाजही मनात काढा. आडवं पडून तर मुळीच नको, दुपारी जेवून तर नकोच नको. त्याला झोप म्हणतात.

पानाच्या शेवटी एक अडचण आणि तिचा तोडगा, ‘जर, तर’ या शब्दांत. ‘जर पावसामुळे पोदेर आला नाही, तर साडेसहाला मी स्वतः बेकरीवर जाईन.’ असं वाक्य आधी ठरलेलं असलं की अडचण आल्यावर डोकं चालवावं लागत नाही. ‘काहीतरी करीन’ असं लिहू नका. वेळ आणि जागा हवी.

चुकतं कुठे? कल्पनेत गडबड झाली की लोक ती तशीच पुढे चालू देतात. नाटकातला संवाद मनात अडखळला तर अडखळणंच पाठ होतं. तिथेच थांबा, दोन वाक्यं मागे जा, बरोबर म्हणा, मग पुढे. दुसरी चूक म्हणजे नुसतीच कल्पना. १९९५ साली पियानोच्या सरावाचा एक प्रयोग झाला, रोज दोन तास, पाच दिवस. नुसता मनात सराव करणाऱ्यांचीही प्रगती झाली, पण बोटांनी वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतकीच. मग त्यांना दोन तास खरोखर वाजवायला दिलं, आणि त्यांनी बाकीचं अंतर भरून काढलं. तेव्हा आठवड्यातून एक दिवस तरी वहीतला तुकडा खरोखर करून पाहा. वीस माणसांची भाजी घरी करा, शेजाऱ्यांना वाढा, पैसे मोजून घ्या.

आणि कंटाळ्यावर एक पोरकट उपाय, पण चालतो. २०१७ साली छापून आलेल्या एका प्रयोगात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचं रटाळ काम दिलं. ज्या मुलांना ‘तू बॅटमॅन आहेस’ असं सांगून केप चढवला होता, ती कामावर जास्त वेळ टिकली. मोठ्यांनी केप नको, अ‍ॅप्रन चालेल. घरी सराव करतानाही तो बांधायचा आणि स्वतःला नावाने हाक मारून विचारायचं, ‘आता काय करायचं?’

    

काही श्रोत्यांना डोळे मिटून चित्रच दिसत नाही. काळोख दिसतो. घाबरू नका, काही माणसांचं तसंच असतं. या प्रकाराला २०१५ साली ‘अफँटेझिया’ असं नाव मिळालं. अशांनी डोळे मिटायचेच नाहीत. टेबलावर वाटी म्हणजे शेगडी, काड्यापेटी म्हणजे गल्ला, चमचा म्हणजे दरवाजा, असं दुकान मांडायचं आणि बोट फिरवत, तोंडाने बोलत सकाळ पार करायची. नंतर मांडणी वहीत उतरवून घ्यायची, नाहीतर संध्याकाळी कुणीतरी चमचा घेऊन जेवायला बसतं आणि तुमच्या दुकानाचा दरवाजा जातो. नमस्कार.