तुटण्यासाठी घडवलेली पिन

(दृश्य: अंबड एमआयडीसी. शटर वर जातं, लेथ सुरू होतं.)

ओझरच्या विमान कारखान्यातून सुखोई उडालं की नाशिककर अजूनही मान वर करतात. या शेडमध्ये मात्र विमान नाही. विमान ओढायची दांडी आहे. टो-बार. जेट ट्रेनरसाठीची, म्हणजे वैमानिक ज्यावर शिकतात त्या जेटसाठीची.

हँगरमधून बाहेर येताना जेट आपल्या इंजिनावर येत नाही. पुढे ट्रॅक्टर, मध्ये टो-बार, मागे विमानाचं पुढचं चाक. ट्रॅक्टर जरा जास्त वळला की सगळा जोर त्या चाकाच्या पायावर येतो. तो वाकला तर विमान उभंच. म्हणून बारच्या डोक्यात ही पिन बसवतात. शिअर पिन. ठरलेल्या जोरापर्यंत टिकायचं, त्यापुढे तुटायचं.

(दृश्य: पिनेची खाच, अगदी जवळून.)

मजबूत वस्तू करणं नाशिकच्या टूलरूमना नवं नाही. गाड्यांचे सुटे भाग करण्यात इथल्या पिढ्या गेल्या. ठरल्या जोराला हमखास तुटणारी वस्तू करणं निराळं. सळई येते ती हीट नंबरासकट, म्हणजे ती पोलादाच्या कुठल्या घाण्यातली ते सांगणाऱ्या नंबरासकट. नंबर नसेल तर ती दारातूनच परत. मग टर्निंग. मग ही खाच, तिचा व्यास मायक्रोमीटरवर. मग हीट ट्रीटमेंट, पुन्हा तपासणी. कडकपणा कमी भरला तर माल रद्द, आणि जास्त भरला तरी रद्द! नव्या पोरांना हे दुसरं पटत नाही. बारमध्ये पिनेच्या जागी कुणी शहाण्याने बाजारातला हाय-टेन्साइल बोल्ट ठोकला, तर बार शाबूत राहतो आणि विमानाचा पाय जातो.

(दृश्य: टेस्टिंग मशीन. निवेदन थांबतं. पिन तुटल्याचा आवाज.)

पास.

हवाई दलाचे वैमानिक 2008पासून बिदरला हॉक या जेट ट्रेनरवर शिकतायत. शिकाऊ हात म्हणजे उतरणं-उडणं पुन्हा पुन्हा; ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा क्लच जसा जातो तसे इथे टायर आणि ब्रेक जातात. त्यामुळे जॅक, चाकांच्या ट्रॉल्या, नायट्रोजनची गाडी यांना उसंत नाही. टायरमध्ये नायट्रोजन, कारण त्यात ओल नसते आणि तो आगीला हातभार लावत नाही.

(दृश्य: पिवळी जनरेटर ट्रॉली, जाड केबल.)

ही ग्राउंड पॉवरची ट्रॉली. आपल्या घरात वीज 50 हर्ट्झची, विमानाला लागते 400ची. वारंवारिता वाढली की ट्रान्सफॉर्मर, मोटरी लहान होतात, वजन वाचतं. म्हणून जेटला इथली वीज थेट जोडता येत नाही, आधी ती बदलावी लागते.

17 ऑक्टोबर 2025ला ओझरला तेजस लढाऊ विमानाची तिसरी आणि एचटीटी-40 या शिकाऊ वैमानिकांच्या विमानाची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली. 97 तेजसचा करार होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्यातली 29 दोन आसनी. बातम्यांत फोटो विमानांचे आले, टो-बारचा एकही नाही. आम्हाला हे खटकतं, आणि ही फिल्म काढण्याचं निम्मं कारण तेच.

ऑर्डर लहान असतात, पैसे उशिरा येतात, शेडचं भाडं गाड्यांच्या कामातून निघतं.

(दृश्य: पॅकिंग. पिनांवर टॅग.)

मागितल्या तेवढ्याच पिना करून भागत नाही. प्रत्येक लॉटमागे काही जास्तीच्या कराव्या लागतात, तोडून दाखवायला. गिऱ्हाईक पैसे देतं ते न तुटलेल्यांचे.