ड्यूक एलिंग्टन: गळा ओळखून बांधलेलं संगीत

[पडद्यावर अंधार. फक्त ट्रम्पेटचा आवाज.]

ऐकलंत? ही ट्रम्पेट गुरगुरते, कण्हते, माणसासारखी कुरकुरते. मोरी तुंबली की वापरतात ना, त्या पंपाची रबरी वाटी ट्रम्पेटच्या तोंडाशी धरून बबर मायली हा आवाज काढायचा. वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला आलेल्या तरुण जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या बँडला यातूनच स्वतःचा सूर सापडला.

[न्यूयॉर्कची हार्लेम वस्ती, जुनी छायाचित्रं]

डिसेंबर १९२७. कॉटन क्लब नावाचा नाइटक्लब. ड्यूकचा बँड इथे वाजवू लागला. मंचावर कृष्णवर्णीय कलाकार, टेबलांवर फक्त गोरे. पण रेडिओला दाराशी कुणी अडवलं नाही. हे संगीत तिथून देशभर पोहोचलं.

आपल्याकडे संगीतकार गायकाचा गळा ओळखून चाल बांधतात. ड्यूकनं अख्ख्या बँडसाठी तेच केलं. त्याच्या मनात नुसती 'ट्रम्पेट' नसायची, कूटी विल्यम्सची ट्रम्पेट असायची. नुसता सॅक्सोफोन नव्हे, जॉनी हॉजेसचा सॅक्सोफोन. स्वतः तो पियानोवर बसे, पण त्याचं खरं वाद्य म्हणजे ही माणसं. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठमोठे बँड मोडले, तेव्हा आपल्या गाण्यांच्या रॉयल्टीतून त्यानं हा संसार चालवला. १९३९ पासून संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न त्याच्या जोडीला होता. 'टेक द ए ट्रेन' ही बँडची ओळखधून स्ट्रेहॉर्नचीच.

[न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव, ७ जुलै १९५६]

लोक म्हणू लागले होते, ड्यूकचे दिवस सरले. त्या रात्री बँडमधल्या पॉल गोन्साल्विसनं सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं वाजवली आणि लोक खुर्च्या सोडून नाचू लागले. नाव गोव्याचं वाटतं, पण त्याचं घराणं आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरचं.

[मुंबई, १९६३]

अमेरिकी सरकारच्या दौऱ्यात हा बँड दिल्ली, कोलकाता, मद्रासप्रमाणेच मुंबईलाही आला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येमुळे दौरा तुर्कस्तानात थांबला. पण दिल्लीत ऐकलेल्या मैनेची शीळ स्ट्रेहॉर्नच्या कानात राहिली होती. १९६६ मध्ये बँडमधल्या जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटमधून ती पुन्हा उमटली. 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली' ऐका, ती मैना ओळखू येईल.

१९६५ मध्ये पुलित्झर या मानाच्या अमेरिकी पुरस्काराच्या परीक्षकांनी ड्यूकच्या विशेष गौरवाची शिफारस केली. मंडळानं ती फेटाळली. तो सन्मान मिळाला १९९९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

[रिकामा मंच. बॅरिटोन सॅक्सोफोनचा खर्ज.]

हा हॅरी कार्नी. १९२७ मध्ये, सतराव्या वर्षी बँडमध्ये आला, तो कायमचाच. पुढे दौऱ्यांत ड्यूकची गाडीही तोच चालवायचा. २४ मे १९७४ रोजी ड्यूक गेला. त्याच ऑक्टोबरात कार्नीही गेला.